चौदावी वायर

वाडी, १४ मार्च १९७६

विश्वनाथ भाऊजी यायले वच्छलाचा नमस्कार.

आठ वर्षांत तुमी आमच्याकडे पाय ठेवला नाही आन् मीही बोलावलं नाही. आता लिहून राहिली ते गरज पडली म्हणून. फिरवून बोलता येत नाही मले.

यायले, तुमच्या चंपतदादाले, लकवा झाला. तीन हप्ते झाले. उजवा हात, उजवा पाय गेला आन् बोलणं गेलं. समजते सगळं. हो म्हणायचं असलं तं डावा हात उचलतात, नाही म्हणायचं तं हलवतात. डॉक्टर म्हणते सहा महिने वाट पाहा. वाट पाहायले त्याच्या बापाचं काय जाते.

शेडमधी मालक दादाजींची गाडी उघडी पडली आहे. तीच काळी विलायती, अडतीस सालची. आधी हे तिच्यावर ड्रायव्हर होते आन् तुमी यायच्या हाताखाली, मंग तुमीच ड्रायव्हर झाले. दादाजी वारले, आता ती त्यायच्या पोराची, भैयाजीची. तिचं दुखणं असं की संध्याकाळी भरलेली बॅटरी लावा, सकाळी ठार. चाबी काढून खिशात ठेवली तरी. कुठंतरी करंट गळून राहिला. तेच शोधायले यायनं डॅशबोर्ड खोलला, मीटर काढून शीटवर ठेवले, आन् त्या शीटवरच आडवे झाले.

भैयाजीच्या नीलाचं लग्न अठरा एप्रिलले आहे. आजोबाच्या गाडीतूनच सासरी जाईन म्हणून बसली पोरगी. भैयाजी काल येऊन गेले. माणूस वाईट नाही, ओरडत नाही, त्याचंच भेव वाटते. म्हणाले, "बाई, मले दुःख आहे. पण शेड मी मिस्त्रीले देल्ली होती. मिस्त्रीच नाही तं शेड कायले?" म्हणजे अठराले गाडी चालली नाही तं एकोणीसले आमची खाट रस्त्यावर. शेडच्या मागच्या खोलीतच राहतो आमी, दुसरं कुठं काही नाही. असा आडवा माणूस घेऊन कोण खोली देईन?

दुसरे मिस्त्री बोलावून पाहिले. एकानं डोकं आत घातलं आन् म्हणे दोन महिने ठेवा, सगळी वायरिंग नवी टाकतो. दुसरा आलाच नाही. त्याले शेड पाहिजे, तो कशाले येईन.

साठ साली या गाडीची वायरिंग तुमी दोघांनी मिळून केली होती. वायरी सगळ्या एका रंगाच्या, वरचं कापड काळं पडलं. यायनं कुठं खूण केली नाही, सगळं डोक्यात ठेवलं. आता डोक्यातलं बाहेर येत नाही.

मी शोधणार आहे. हसू नका. पंधरा वर्षं यायच्या हातात पाना देल्ला मी, टेस्ट लँप धरला. येता येत असलं तं या. नाही तं कुठून सुरू करू ते लिहा. कार्डावर दोन ओळी नको, नीट लिहा.

वच्छला


रामटेक, १९ मार्च १९७६

सौ. वच्छलावहिनींस विश्वनाथचा नमस्कार.

पत्र मिळालं. चंपतदादांना असं काही होईल असं मनात कधी आलं नव्हतं. मी लगेच निघालो असतो, पण रामनवमीची जत्रा तोंडावर आहे, पिठाची चक्की दिवसभर चालते आणि चालवायला माझ्याशिवाय कोणी नाही. शिवाय मोटारीचं काम सोडून आठ वर्षं झाली. माझ्या येण्यानं दादांना त्रासच होईल. ते माझ्यावर खूश नव्हते हे तुम्हालाही माहीत आहे.

काम असं करा. गाडीचे सगळे दिवे बंद, चाबी बाहेर. बॅटरीची एक वायर काढा आणि ती वायर व बॅटरीचं टोक यांच्या मध्ये टेस्ट लँप लावा. काही गळत नसेल तर लँप लागणार नाही. गळत असेल तर लागेल. लागला की डॅशबोर्डमागची एकेक वायर काढत जा आणि लँपकडे पाहत राहा. जी वायर काढल्यावर लँप विझेल, ती दोषी. काढलेली वायर कुठली होती ते विसरू नका, म्हणून एक झाली की खूण करून मगच दुसरी.

हॉर्न, वायपर आणि डावं-उजवं वळण दाखवणारे दिवे आधी पाहा. बहुतेक तिथंच असेल. डाव्या बाजूला सामान ठेवायचा जो खण आहे, त्याच्यामागं काही नाही. त्याचा पुठ्ठा जुना आहे, काढू नका. तुटला तर तसा परत मिळणार नाही.

दादांना माझा नमस्कार सांगा. नको, सांगू नका.

आपला,
विश्वनाथ


वाडी, २५ मार्च १९७६

विश्वनाथ भाऊजी,

तुमी सांगतलं तसं केलं. लँप लागला. मंद, पण लागला. मले इतका आनंद झाला की यायले ओरडून सांगतलं, गळते, गळते म्हणून. यायची खाट मी शेडच्या दारात आणून ठेवली आहे. तिथून पाहतात. मी वायर हिसकली की डोळ्यांनीच शिव्या देतात. तोंड चालत होतं तवा एवढ्या देल्या नसतील.

एकूण तेरा वायरी निघाल्या. प्रत्येकीले माह्या जुन्या लुगड्यांची वेगळी चिंधी बांधली. हॉर्नले हिरवी, वायपरले चौकडीची, मोठ्या दिव्याले माह्या लग्नातल्या शालूची. पोपटावानी रंगीत करून ठेवला डॅशबोर्ड. तीन दिवस गेले. यायले उठवणं-बसवणं, धुणं, पेज, आन् मधात जो वेळ भेटला त्यात ही वायर.

तेराच्या तेरा काढल्या. एकेक करून. शेवटची काढली आन् लँपकडे पाहिलं.

लँप लागलेलाच.

आता सांगा. डॅशबोर्डमागं एक वायर लागलेली नाही आन् तरी करंट जाऊन राहिला. कुठं जाते तो? मी यायले विचारलं, तेराच होत्या नं? हात उचलला. पुन्हा विचारलं. पुन्हा उचलला. मंग आणखी एक आहे काय? हात हवेतच राहिला, ना वर ना खाली. यायलेही माहीत नाही. मी पाहिलं यायच्या तोंडाकडे, यायले खरंच माहीत नाही.

चोवीस दिवस उरले. चक्की एक दिवस बंद ठेवली तं रामटेक उपाशी मरत नाही. या नं गा.

वच्छला


रामटेक, ३० मार्च १९७६

सौ. वहिनींस नमस्कार.

इतकं तुम्ही केलं, मला तर विश्वास बसेना. दादांनीही एवढ्या चिकाटीनं शिकवलं नसतं.

डॅशबोर्ड रिकामा करूनही लँप लागतो, म्हणजे दोष डॅशबोर्डमध्ये नाहीच. डायनामो काढून पाहा. नाहीतर बॅटरीच आतून खराब असेल, दुसरी लावून पाहा. एखाद्या ट्रकवाल्याकडून तासभर मागून घ्या.

त्यानंही झालं नाही तर भैयाजींना सरळ सांगा की गाडी म्हातारी झाली. लग्नापुरती रोज रात्री बॅटरीची वायर काढून ठेवा आणि सकाळी लावा. लग्न पार पडलं म्हणजे झालं.

मला आता जुनं फारसं आठवत नाही.

विश्वनाथ


वाडी, ६ एप्रिल १९७६

विश्वनाथ,

भाऊजी लिहायले हात होत नाही.

डायनामो काढला. चार बोल्ट होते, एक गंजलेला, त्यानं माह्यं अंगठ्याचं नख नेलं. लँप लागलेलाच. ट्रकची बॅटरी आणली, हमालाच्या पाया पडून इथवर आणवली. लँप लागलेलाच. मंग तुमी सांगतलं ते भैयाजीले सांगतलं, की रोज वायर काढून ठेवू. ते म्हणाले, नीलाच्या सासरच्या दारी गाडी उभी राहीन, तिथं बॉनेट कोण खोलत बसणार, तुमी? जाता जाता त्यायनं शेडच्या भिंती पावलं टाकून मोजल्या. यायच्या खाटेजवळून, यायच्या डोळ्यासमोर. हे पाहत होते.

मी त्या दिवशी रागात डॅशबोर्डचा पत्रा दोन्ही हातांनी धरून हालवला. तुटला तं तुटो म्हणून. बॅटरी लागलेली होती, ते ध्यानात नव्हतं. डाव्या बाजूनं, खणाच्या मागून धूर निघाला. रबर जळल्याचा वास. मी हात घातला आन् तळवा भाजला. बॅटरीची वायर उपटून फेकली तवा थांबलं. शीटवर एक रुपयाएवढं भोक पडलं.

मंग मी तो पुठ्ठा काढला. ज्याच्यामागं काही नाही म्हणून तुमी लिहिलं होतं, तोच.

मागं पितळेचा बल्बचा होल्डर आहे. बल्ब नाही. होल्डरच्या वरती पत्र्यावर कुंकू. वाळून काळं झालं, पण कुंकू कुंकूच असते, मले कोणी सांगायची गरज नाही. बाजूले देवीचा टिनाचा टाक, दोन खिळ्यांनी ठोकलेला. आन् होल्डरची वायर खाली पायाच्या चटईखालून सेल्फच्या जाड केबलीले जाऊन भिडली. सरळ. मधात चाबी नाही, स्विच नाही, काही नाही. टोकाले कापडाची पट्टी गुंडाळली होती, ती गळून पडली आन् वायर गंजलेल्या पत्र्याले टेकून राहिली. तेच गळत होतं.

सेल्फच्या केबलीवर ज्या पद्धतीनं ती बांधली आहे, तीन वेढे आन् मंग दोन उलटे, तशी गाठ वाडीत कोणी मारत नाही. हे मारत नाहीत. तुमच्या चक्कीच्या मोटारीले तशीच असणार, पाहा जाऊन.

मले तेवढ्यासाठी अठरा दिवस नाचवलं. काहून? मले हात जोडून नाही, सरळ विचारून राहिली. वायर कशाची, कोणासाठी टाकली आन् यायले काहून माहीत नाही. खोटं लिहाल तं मी यायची खाट बैलगाडीत घालून तुमच्या चक्कीवर आणीन.

वच्छला


रामटेक, १० एप्रिल १९७६

वहिनी,

चार वेळा लिहून फाडलं. आता जसं होतं तसं लिहितो.

एकसष्ट सालचं नवरात्र. देवकीबाईंच्या घरी, म्हणजे भैयाजींच्या आईकडे, घट बसायचे आणि नऊ दिवस नंदादीप. तो विझला तर घरावर संकट, अशी त्यांची श्रद्धा. त्या वर्षी पाचव्या माळेला दादाजींना रामटेकच्या जमिनीच्या कामासाठी यायचं होतं आणि देवकीबाईंना सोबत यावंच लागलं. घरच्या दिव्याला माणूस ठेवला, पण आपण स्वतः दिव्यापासून दूर जायचं नाही हे त्यांचं व्रत. गाडीत तेलाचा दिवा कसा ठेवणार? त्यांनी मला बोलावून विचारलं, विजेचा चालेल का. मी म्हटलं, देवीला काय, उजेड तो उजेड.

त्यांनी एकच गोष्ट बजावली. चाबी काढली तरी विझता कामा नये. दादाजींना कळता कामा नये, ते गाडीला कोणाला हात लावू देत नसत. आणि चंपतदादांनाही सांगू नकोस, ते नाही म्हणतील. ते नाही म्हणाले असते हे खरं. त्यांनी पहिलं विचारलं असतं, बॅटरी किती तास टिकेल. मी तेवीस वर्षांचा होतो, मला ते सुचलं नाही. मालकीणबाईंनी दादांना सोडून मला काम सांगितलं, एवढंच मला दिसलं.

गाडी रामटेकला तीन दिवस उभी होती. पुठ्ठ्यामागे दिवा जळत होता, फटीतून देवकीबाईंना दिसायचा. आठव्या माळेला सकाळी नागपूरहून निरोप आला की दादाजींचे धाकटे भाऊ शेवटच्या घटका मोजतायत. चंपतदादा धावत जाऊन गाडीत बसले. सेल्फ मारला, आवाजच नाही. हँडल मारून मारून त्यांचे हात सोलले. दुसरी गाडी मिळेपर्यंत दुपार झाली. दादाजी पोचले तेव्हा भावाला बाहेर आणून ठेवलं होतं.

परत आल्यावर अंगणात सगळ्यांसमोर दादाजींनी विचारलं, बॅटरीतलं पाणी कधी पाहिलं होतंस? दादा म्हणाले, निघायच्या सकाळी. दादाजी म्हणाले, खोटं बोलतोस. आणि चाबी मागितली. देवकीबाई वरच्या खिडकीत होत्या. मी दादांच्या शेजारी उभा होतो, खांद्याला खांदा. दादाजींनी चाबी घेतली, इकडंतिकडं पाहिलं आणि माझ्यापुढं धरली.

मी हात पुढं केला.

त्याच संध्याकाळी बल्ब काढला आणि वायरीचं टोक गुंडाळून आत सारलं. वायर उपटायला सेल्फ खोलावा लागला असता, कोणी पाहिलं असतं. पुढं सात वर्षं ती गाडी मी चालवली. रोज तो खण डोळ्यासमोर. मग काम सोडून इकडं आलो. लोकांना वाटलं चक्कीत बरकत आहे म्हणून.

तुमचं पहिलं पत्र वाचलं तेव्हाच मला कळलं होतं की तीच वायर आहे.

सेल्फजवळ ती वायर कापून टाका, टोकाला रबराची नळी चढवा. गाडी बरी होईल. मी येऊ का, ते तुम्ही सांगा. हे पत्र दादांना वाचून दाखवायचं की नाही तेही तुम्हीच ठरवा. मी आजवर काहीच ठरवू शकलो नाही.

विश्वनाथ


वाडी, २२ एप्रिल १९७६

विश्वनाथ भाऊजी,

वायर कापली. लँप विझला. तेराही वायरी चिंध्या पाहून पाहून जागच्या जागी लावल्या. पेट्रोलचा काटा उलटा फिरते, टाकी रिकामी झाली की भरली दाखवते, ते भैयाजीले सांगून ठेवलं. बाकी सगळं चाललं. अठराले नीला त्याच गाडीतून गेली. सासरच्या दारात गाडी तीन तास उभी होती आन् पहिल्या सेल्फले लागली. मी तिथं नव्हती, ड्रायव्हरनं सांगतलं.

तुमचं पत्र मी यायले वाचून दाखवलं. मले भरभर वाचता येत नाही, अख्खी दुपार गेली. "मी हात पुढं केला", तिथपर्यंत आली तवा यायनं डोळे मिटले. मले वाटलं झोपले. झोपले नव्हते.

तुमाले एक गोष्ट माहीत नाही, ती सांगते. गेली पंधरा वर्षं हे सकाळी चहाच्या आधी शेडमधल्या सगळ्या बॅटऱ्यांचं पाणी पाहत. लोकांच्याही. ज्याचं काम दिव्याचं आहे त्याच्याही बॅटरीचं झाकण खोलत. ट्रकवाले हसत, चंपतराव, पाण्याचं टेंडर घेतलं काय. एकदा मले म्हणाले होते, "वच्छला, त्या सकाळी मी पाणी पाहिलं होतं. मले आठवते पाहिलं होतं. पण दादाजी कशाले खोटं बोलतील? नसंन पाहिलं." असं म्हणून पुन्हा झाकण लावायले लागले. दादाजीले भावाचं तोंड पाहू देल्लं नाही म्हणून पंधरा वर्षं हा माणूस स्वतःले खात राहिला. आन् तुमी चक्की चालवून राहिले.

तो पितळेचा होल्डर आन् देवीचा टाक घेऊन मी देवकीबाईकडे गेली. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी. आता त्यायले कमी दिसते. टाक हातात घेतला, बोटं फिरवली, डोक्याले लावला. मी सगळं सांगतलं. चंपतले काढून टाकलं होतं, असं म्हटलं तवा मलेच विचारते, काढलं होतं काय वं? मले वाटलं तोच सोडून गेला. मले पेढे बांधून देल्ले. मी येता येता नाक्यावर गायीले घातले.

चार दिवस हे माह्या हातचं जेवले नाहीत. तोंड घट्ट मिटून घेत. राग तुमच्यावर का माह्यावर, ते कसं कळावं. पाचव्या दिवशी पेज घेतली. खुशीनं नाही. भूक लागली म्हणून.

आता शेडचं. भैयाजी काल आले, गाडीची तारीफ केली. कोणी केलं विचारलं. मी म्हटलं मी केलं. ते हसले. चांगलं हसले, वाईट नाही. मंग म्हणाले, "बाई, एक वायर सापडली म्हणून मिस्त्री होता येत नाही. दसऱ्यापर्यंत शेड ठेवतो. तोवर इथं मिस्त्री उभा दिसला पाहिजे." खरं आहे त्यायचं. आज सकाळीच एका ट्रकचा डायनामो आला. खोलून बसली मी, आतलं एक कळलं नाही. ट्रकवाला तासभर थांबला आन् समोरच्या मिस्त्रीकडे घेऊन गेला. हे खाटेवरून पाहत होते. यायले कळत होतं काय बिघडलं. डावा हात सारखा उचलत होते, बोटं वळवत होते, मले दाखवत होते आन् मले समजत नव्हतं. शेवटी हात खाली टाकला. तवा यायच्या डोळ्यातून पाणी आलं. लकवा झाला त्या दिवशीही आलं नव्हतं.

म्हणून मी विचारलं, विश्वनाथले बोलावू काय. हात हलवला. नाही. दुपारी विचारलं. नाही. दिवेलागणीले विचारलं. नाही म्हणताना खाट हालली, इतका जोरानं.

चौथ्यांदा मी विचारलं नाही.

सोमवारी या. चक्की विका नाही तं भाड्यानं द्या, मले सांगू नका काय करता ते. माफी मागायची असलं तं येऊ नका, तेवढा वेळ आमच्याकडे नाही. हे तुमाले पाहून तोंड फिरवतील. फिरवू द्या. थुंकले तं पुसून घ्या. यायच्या खाटेजवळ बसून डायनामो खोला, यायले दिसंन असा. चुकलं तं हे हात हलवतील, मंग तुमी पुन्हा खोला. रोज. दसऱ्यापर्यंत.

जुना शर्ट घालून या.

वच्छला